जमनाअक्काचे पाच नंबर

आमच्या मेडिकलला लागून असलेल्या दवाखान्यात आता नंबर मोबाइलवर लागतो. नवे डॉक्टर तरुण आहेत, हुशार आहेत. त्यांच्या दाराशी टेबल टाकून बसणारी मुलगीही बोलायला चांगली आहे. पेशंटने नाव सांगितलं की ती पडद्यावर बघते आणि म्हणते, "साडेअकराची वेळ आहे तुमची, बसा." हे ती मान वर न करता म्हणते. तिची त्यात काही चूक नाही, तिचं कामच पडद्यावर आहे. पण भिंतीपलीकडून तिचा आवाज आला की औषधं काढणारा माझा हात क्षणभर थांबतो. त्याच दाराशी तीस-बत्तीस वर्षं जमनाअक्का बसत होती. ती कधी कोणाला आधी नाव विचारायची नाही. आधी तोंडाकडे बघायची.

मी मूळची जळगावची. बी.फार्म. झाले, लग्न होऊन धुळ्यात आले, आणि सासरचं दुकान दवाखान्याच्या शेजारीच असल्यामुळे सासऱ्यांनी, म्हणजे बाबूजींनी, वर्षभरात मला काउंटरवर उभं केलं. पहिल्याच दिवशी एक उंच, काटक बाई दुकानात आली. डोक्यावर पदर, मनगटावर पुरुषी घड्याळ. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, "भाभी, तुले रक्त कमी शे. खजूर खात जा."

मला राग आला. ही कोण, आणि न विचारता काय सांगते? बाबूजी हसले. म्हणाले, "तपासून घे बेटा. ती सहसा चुकत नाही." तपासलं, तर रक्त खरोखरच बरंच कमी निघालं.

अक्का सोनगीरकडच्या एका खेड्यातली. लग्नानंतर चार वर्षांतच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. दवाखान्यात ती झाडलोट करायला आली होती. डॉक्टरांचा कंपाउंडर एक दिवस काम सोडून गेला आणि त्या दिवसापुरतं म्हणून डॉक्टरांनी तिला दाराशी बसवलं. ती तिथेच राहिली. यापलीकडे तिने स्वतःबद्दल मला फारसं काही सांगितलं नाही, आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. यावलला एक भाची होती, एवढं माहीत होतं.

तिच्याकडे वही नव्हती. चाळीस माणसं बाकांवर आणि ओट्यावर बसलेली असली तरी कोण कोणाच्या मागे हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं. नावं तिच्या लक्षात राहत नसत. "सोनगीरना खोकला, आत चला." "साक्रीनी कंबर, तू बस, तुन्हा नंबर येई." लोकांनाही त्याचं काही वाटत नसे. गावाकडची माणसं आली की ती अहिराणीत बोलायची, डॉक्टरांशी मात्र शहरातली मराठी, जरा जपून, नवीन चप्पल घातल्यासारखी.

एकदा साक्रीकडून आलेला एक माणूस ओट्यावरच्या पंख्याखाली, कडेला गप्प बसून होता. त्याच्या आधी अकरा जण होते. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, त्याच्याजवळ थांबली, तांब्या खाली ठेवला आणि त्याचा दंड धरून त्याला सरळ आत घेऊन निघाली. पुढच्या बाकावर एक कापडाचे व्यापारी होते, ते उठले. "अक्का, माझा नंबर आहे. मी तासभर बसलोय."

"भाऊ, नंबर बसेल माणूसना राहास," अक्का न थांबता म्हणाली. नंबर असतो तो बसलेल्या माणसाला. "हाऊ माणूस पडी जाई."

तो माणूस डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचला आणि कोसळला. हृदयाचा झटका होता. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं, रिक्षातून मोठ्या दवाखान्यात नेलं, माणूस वाचला. पुढे कित्येक वर्षं तो दिवाळीनंतर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन यायचा. ती पिशवी तो डॉक्टरांच्या हातात देत नसे, अक्काच्या देई. मी एकदा तिला विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?" ती म्हणाली, "तो पंखाखाली बशीसन घामेजेल व्हता, आनि कोनाशी बोलत नव्हता. बठ्ठासनी कुरकुर चालू, हाऊच एकटा गप्प." एवढंच. तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

रोज दुपारी चारला ती माझ्या दुकानात चहाला यायची. उभ्यानेच प्यायची, बशीत ओतून. चहाच्या आधी चूळ भरायची, कारण तिला मिसरीची सवय होती. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड हिरड्यांवर घासत ती दुपारचा मोकळा वेळ काढायची. डॉक्टर तिला वर्षानुवर्षं रागवत आले होते. ते रागवले की ती मान डोलवायची, "सोडते साहेब" म्हणायची, आणि डबी कनवटीला लावायची. मीही दोनदा सांगून पाहिलं. मग सोडून दिलं. इतक्या वर्षांत तिला साधं पडसं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

मग तो रोग आला.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये दवाखाना महिनाभर बंद राहिला. डॉक्टर बाहत्तर वर्षांचे, त्यांना साखर, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. मुलगा पुण्याहून रोज फोन करून बजावायचा, पप्पा, खाली उतरायचं नाही, कोणाला हात लावायचा नाही. डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या वरच होतं. त्यांच्या पत्नींनी, आमच्या काकूंनी, जिन्याच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पदराला बांधली. महिन्यानंतर ठरलं की डॉक्टर वरूनच फोनवर पेशंट तपासतील. खाली अंगणात अक्का. तिला एक मोबाइल घेऊन दिला. पेशंटने लांब उभं राहायचं, अक्काने फोन लावायचा, स्पीकर चालू करायचा, पेशंटने सांगायचं, डॉक्टरांनी औषध सांगायचं, ते मी द्यायचं.

माझं दुकान सुरू होतं, औषधांचं दुकान म्हणून. सगळा रस्ता ओस आणि त्या अंगणात मात्र माणसं. तोंडाला रुमाल, पदर, टॉवेल बांधलेली. आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं, "डॉक्टरले तोंड दखाडनं शे. एकदा देखू द्या." फोनवर सांगायला लोकांना जमायचं नाही. ज्याला पोटाचं दुखणं तो म्हणायचा "कसंतरी व्हस." आवाज घोगरा, मागे दुसऱ्या कोणाचा खोकला. डॉक्टर वरून विचारायचे, "कुठे दुखतं? नेमकं कुठे?" आणि इथे तो माणूस फोनला बोट दाखवायचा, "अठे."

अक्का ते सगळं बघत उभी राहायची. तिला अर्धेच चेहरे दिसत होते. हळूहळू ती मध्येच बोलायला लागली. "साहेब, हा सांगतोय तेवढं साधं नाही. याचे पाय सुजलेत." किंवा, "साहेब, ही बाई घाबरली आहे फक्त. ताप नाही तिला." डॉक्टर आधी चिडायचे. नंतर तेच विचारू लागले, "अक्का, कसा दिसतोय?"

मे महिन्याच्या उन्हात सोनगीरहून एक जण मोटरसायकलवर आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मुलीच्या पोटात दोन दिवस दुखत होतं. दोन ठिकाणी फाटकातूनच परत पाठवलं होतं. फोनवर डॉक्टरांनी ऐकलं आणि एक पातळ औषध सांगितलं. मी बाटली काढून काउंटरवर ठेवली. बाप घ्यायला वळला. मुलगी त्याच्या मागे चालायला लागली आणि अक्का म्हणाली, "थांब."

मुलगी कमरेत वाकून, उजवा पाय जरा आखडून चालत होती. अक्काने तिला परत चालायला लावलं. मग ती अंगणाच्या मधोमध गेली, वर बघितलं आणि हाक मारली. फोन हातात होता, पण हाकच मारली. "साहेब, गॅलरीत या."

डॉक्टर गॅलरीत आले. पांढरा बनियन, खांद्यावर टॉवेल. दीड-दोन महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही त्यांना पाहत होतो. एकदम म्हातारे दिसले. त्यांनी वरूनच मुलीला सांगितलं, "बेटा, एका पायावर उडी मार बरं." मुलीने पाय उचलला आणि ती रडायला लागली.

डॉक्टर आत गेले. आतून बोलाबोली ऐकू आली, काकू नको म्हणत होत्या. पाचेक मिनिटांनी जिन्याचं दार उघडलं. तोंडाला दोन मास्क आणि डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा लावून डॉक्टर खाली उतरले. बाकावर त्या मुलीला झोपवून त्यांनी पोटाला हात लावला. एकदाच दाबलं. मग उभ्या उभ्या तीन फोन केले, ओळखीच्या सर्जनला अक्षरशः विनवलं, आणि त्या दुपारी मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आणखी एक दिवस गेला असता तर पोटातच फुटलं असतं, असं सर्जन म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरांनी अक्काला जिन्याच्या पायथ्याशी बोलावलं. ते वरच्या पायरीवर, ती खाली. मी हिशेबाचा कागद द्यायला गेले होते म्हणून ऐकलं.

"अक्का, मी रोज पाच जणांना बघीन. अंगणात, समोरासमोर. अकरा ते बारा. जास्त नाही, घरी कबूल केलंय मी. पाच कोण ते तुम्ही ठरवा."

"मी ठरवू?"

"माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त दिसतं आत्ता."

अक्काने मान खाली घालून पदर नीट केला आणि फाटक लावायला गेली.

त्या दिवसापासून धुळ्याच्या त्या गल्लीत जमनाअक्कासारखं मोठं माणूस दुसरं नव्हतं, आणि तिच्याइतकं एकटंही नव्हतं. सकाळी आठपासून माणसं यायची. पन्नास, साठ. त्यांतून पाच. बाकीच्यांना फोनवर. ती रांगेतून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, परत यायची आणि बोट दाखवायची. तू. तू. डोकरीले पुढे येऊ द्या. लोक हात जोडायचे, शिव्या द्यायचे. एका पुढाऱ्याचा आपल्या माणसासाठी फोन आला, तिने तो कानाला लावून शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "त्यासले पाठवा. देखस मी." माणूस आला, तिने बघितलं, म्हणाली, "फोनवर बोला, साहेब ऐकतात." तो गाडीत बसून निघून गेला.

आमच्या बाबूजींचा रक्तदाब वाढला होता. मी मधल्या दारातून अक्काला म्हटलं, "आज बाबूजींना बघू दे ना डॉक्टरांना." इतक्या वर्षांची शेजारी, मला वाटलं नाही म्हणणार नाही. ती आली, दारातून बाबूजींना बघितलं. "शेठजींना गोळी वाढवून मिळेल फोनवर. आज पाच व्हई गयात, भाभी." बाबूजी आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. तिने ते मनाला लावून घेतलं की नाही, कळलं नाही. अर्धा चेहरा मास्कमध्ये होता.

एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. गल्लीच्या टोकाला राहायचे, गप्पिष्ट माणूस, दवाखान्यात विनाकारणही येऊन बसायचे. पावसाळ्यात एक दिवस ते रांगेत आले. थोडी कणकण आहे म्हणाले. अक्काने चार जण निवडले होते, पाचवा नंबर राहिला होता. ती आबांपाशी थांबली. त्यांच्या मागे एक बाई उभी होती, सहा-सात महिन्यांची गरोदर, पायावर सूज.

अक्का दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. एवढा वेळ ती कधी थांबत नसे. शेवटी आबाच हसत म्हणाले, "जाऊ दे अक्का, त्या पोरीले जाऊ दे. माले काय घाई शे? मी सकाय येसू."

"सकाय ये आबा," अक्का म्हणाली. "सकाय पहिला नंबर तुन्हा."

सकाय म्हणजे उद्या. उद्या आबा आले नाहीत. पहाटे त्यांना धाप लागली, मुलाने मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि चौथ्या दिवशी ते गेले. घरी आणलं नाही, तसंच परस्पर नेलं.

त्या गरोदर बाईचं रक्तदाबाचं दुखणं डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आलं. आई आणि मूल, दोघं सुखरूप राहिली. हे मी अक्काला पुन्हा पुन्हा सांगितलं. डॉक्टरांनीही सांगितलं की आबांना त्या दिवशी बघितलं असतं तरी आपण काय करणार होतो, औषधच नव्हतं. तिने ऐकून घेतलं. "हो साहेब," म्हणाली. पण त्यानंतर ती रांगेतून दोनदा नाही, चारदा फिरायची. पाचवा नंबर द्यायला फार वेळ लावायची. एकदा माझ्याशी बोलताना म्हणाली, "भाभी, आबा हासत व्हतात. हासनारा माणूसना चेहरा माले देखता येत नही."

तोंडात काही फोड आला म्हणून तिने माझ्याकडून मलमाची ट्यूब नेली ती त्याच दिवसांत. तारीख मला आठवत नाही. आठवावी असं काही तेव्हा वाटलंच नाही. तोंड येणं, त्यावर मलम, सोबत बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, हे दिवसातून दहा जण नेतात. दोन-तीन आठवड्यांनी तिने परत ट्यूब मागितली. मी म्हटलं, "अक्का, मिसरी बंद करा." ती म्हणाली, "बंदच शे. लागस."

चहा तर केव्हाच बंद झाला होता. कपाला कप लागायला नको, मास्क काढायला नको, म्हणून आम्हीच ठरवून बंद केला होता. त्यामुळे ती काय खाते, कसं खाते, हे कोणी बघत नव्हतं. एकदा दुपारी तिच्या डब्यात दुधात कुस्करलेली भाकर दिसली. दाढ दुखते म्हणाली. बोलणं कमी झालं होतं, पण तेव्हा सगळ्यांचंच कमी झालं होतं. वजन उतरलं होतं. तेही सगळ्यांचं.

दुसरी लाट आली तेव्हा अंगणात उभं राहायला जागा नव्हती. त्या दिवसांचं मी काही लिहीत नाही. अक्का रोज आठला हजर असायची. एका दुपारी ती ट्यूब न्यायला आली, चौथी की पाचवी. मी म्हटलं, "अक्का, आता डॉक्टरांना दाखवा तुम्ही. खालीच तर येतात ते रोज."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पाचमा मन्हा नंबर कोठे बसाडू?"

"तुमचा कशाला नंबर? बारा वाजता, सगळे गेल्यावर."

"बारा वाजता साहेबांना धाप लागते जिना चढताना. राहू दे. फोड शे, जाई."

मी ट्यूब दिली. पिशवीत घालून दिली. दुकानात आठ माणसं ऑक्सिमीटर आहे का विचारत उभी होती.

हे सगळं ओसरायला किती महिने लागले, मोजले नाहीत. एकदाचं ओसरलं. दवाखाना पूर्वीसारखा सुरू झाला, डॉक्टर आपल्या खोलीत येऊन बसले, बाकांवरच्या फुल्या पुसल्या गेल्या. लोकांनी मास्क आधी हनुवटीवर आणले, मग खिशात घातले. अक्काचा मास्क तसाच राहिला. डॉक्टर दोनदा म्हणाले, "अक्का, काढा आता. दोन वर्षं झाली तुमचं तोंड बघून." ती म्हणाली, "सवय झाली साहेब."

तिसऱ्या वेळी ते म्हणाले नाहीत. त्या दिवशी मी नव्या औषधांची यादी दाखवायला आत गेले होते. अक्का कोणाचा तरी कागद घेऊन टेबलाशी आली, वाकली, आणि डॉक्टर बोलता बोलता थांबले. तिच्या मास्कवर डाव्या बाजूला तपकिरी डाग होता. त्यांना वासही आला असावा. मला नंतर वाटलं, मलाही येत होता, कितीतरी दिवस, आणि मी तो औषधांचा समजत होते.

"बाहेर किती जण आहेत?" त्यांनी विचारलं.

"चौदा."

"त्यांना बसू दे. तुम्ही बसा इथे." त्यांनी पेशंटच्या स्टुलाकडे बोट केलं.

अक्का बसली नाही. "साहेब, सोनगीरनी म्हातारी शे बाहेर, तिला आधी..."

"अक्का, बसा."

मी बाहेर आले. दार लागलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बाकावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग दार उघडलं आणि डॉक्टर एकटेच बाहेर आले. ओट्यावर येऊन पेशंटच्या बाकाच्या रिकाम्या टोकाला बसले. बाजूच्या म्हातारीने सरकून त्यांना जागा दिली. मी दुकानाच्या पायरीवर होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "भाभी, मी रोज बघत होतो तिला. रोज. समोर उभी असायची."

ट्यूबचं त्यांना सांगायला हवं होतं. त्या दिवशी नाही सांगितलं. आठ दिवसांनी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही काय करणार," आणि पेन उघडून पुन्हा बंद केलं.

जळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर स्वतः गेले, मुलाने नको म्हटलं तरी गेले. आधी फोन केलेला होता, तरी तिथली गर्दी अशी की चिठ्ठी घेऊन बसावंच लागलं. एकोणीस नंबर. पुढचं डॉक्टरांनीच मला सांगितलं. दीड तास ते दोघं बाकावर शेजारी शेजारी बसले. सतरा नंबर गेला, अठरा गेला, आणि अक्का उठून पलीकडच्या रांगेत गेली. एक तरुण बाई भिंतीला टेकून बसली होती. तिला आपली चिठ्ठी देऊन, तिची चौतीस नंबरची चिठ्ठी घेऊन अक्का परत आली.

"मी चिडलो," डॉक्टर म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो, भर दवाखान्यात. म्हटलं, हा तुमचा दवाखाना नाही, इथे तुम्ही पेशंट आहात. तर मला म्हणते, साहेब, ती बाई बसू शकत नाही, मी बसू शकते."

चौतीस नंबर यायला संध्याकाळ झाली. तिथे सांगितलं ते आमच्या डॉक्टरांना आधीच माहीत होतं. जबड्यात पसरलं होतं, गळ्यापर्यंत गेलं होतं. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. रेडिएशनचा शेक दिला, तो तिला सोसला नाही. वर्ष-सव्वा वर्षापूर्वी आली असती तर, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आमच्या डॉक्टरांनी तो वर्ष-सव्वा वर्षाचा काळ बोटांवर मोजला आणि हात खाली ठेवला.

त्यानंतर भाची येऊन तिला यावलला घेऊन गेली. दवाखान्यात दाराशी कोणीच नव्हतं. लोक आपापसात भांडत, डॉक्टर आतून "पुढचा" म्हणत. दोन-तीन महिने असं चाललं आणि मग एक दिवस त्यांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. वय झालं होतं, हे खरंच होतं. कारण म्हणून त्यांनी तेवढंच सांगितलं.

मी तिला एकदाच भेटायला गेले. माहेरी जळगावला आले होते, तिथून बसने यावल. थंडीचे दिवस होते. भाचीचं घर गावाबाहेर रस्त्याला लागून, मागे केळीचे मळे. अक्का खाटेवर पडून होती. एवढी उंच बाई खाटेत किती थोडी जागा घेत होती. तोंडाच्या खालच्या भागावर पांढरं फडकं बांधलेलं. बोलता येत नव्हतं. मला बघून तिने हात उचलला आणि भाचीने खुर्ची आणली.

मी इकडचं तिकडचं सांगत राहिले. बाबूजींची तब्येत, रस्ता रुंद करणार आहेत ते, डॉक्टर आता सकाळी फिरायला जातात ते. मग भाची पाणी तापवायला आत गेली आणि मी म्हटलं, "अक्का, मी पाच ट्यूब दिल्या तुम्हाला. एकदाही मास्क काढा म्हटलं नाही." एवढंच बोलायला मी एवढा प्रवास करून आले होते. घरून निघताना बरंच काही ठरवलं होतं, ते सगळं तिथे आठवेना.

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग चादरीखालून हात बाहेर आला आणि तिने माझं मनगट धरलं. घट्ट नाही, नुसतं धरून ठेवलं. भाची पाणी घेऊन आली तोवर तसंच होतं. भाचीने हळूच तिची बोटं सोडवली, कारण फडकं बदलायची वेळ झाली होती, आणि मला म्हणाली, "भाभी, तुम्ही जरा बाहेर बसता का? तिला आवडत नाही कोणी बघितलेलं."

मी बाहेर बसले. आतून एकदा कण्हण्याचा आवाज आला, पुन्हा आला नाही.

त्यानंतर तेरा दिवसांनी ती गेली. भाचीचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. आधी डॉक्टरांना सांगायला गेले. ते गॅलरीत बसून होते. ऐकून त्यांनी फक्त विचारलं, "शेवटी दुखलं का फार?" मी म्हटलं, नाही, झोपेतच गेली. भाचीने मला तसं काही सांगितलं नव्हतं.

पण भेटीच्या त्या दिवशी मी यावलहून निघाले तेव्हा ती जिवंत होती. फडकं बदलून झालं, भाचीने तिला आधार देऊन बाहेर आणलं आणि उन्हात, दाराच्या चौकटीला टेकवून बसवलं. पाठीशी उशी, अंगावर जांभळी गोधडी. मी पाया पडले, बस गाठायची म्हणून निघाले. रस्त्याच्या पलीकडे ट्रक उभा होता आणि मळ्यातली माणसं केळीचे घड डोक्यावर आणून त्यात रचत होती. हिरव्यागार घडांची एक थप्पी झाली, तिच्यावर केळीची सुकी पानं अंथरली, मग दुसरी थप्पी. दोन बाया काहीतरी बोलून हसत होत्या. एकाच्या हातून घड निसटला, तो त्याने गुडघ्यावर झेलला.

वळणावर जाऊन मी मागे बघितलं. मला वाटलं होतं, ती माझ्याकडे बघत असेल. ती ट्रककडे बघत होती. मान जरा पुढे काढून, एकेक घड वर जाताना नजरेने त्याच्यासोबत वर जात, पुन्हा खाली येत. मी हात वर केला होता, तो तसाच खाली घेतला. हाक मारली नाही. बस येईपर्यंत मी तिथे उभी होते, आणि ट्रक अजून अर्धाच भरला होता.